चार व्यापारी, चार रंग

चार व्यापारी. पहिल्याकडे ५ घोडे, २ उंट, ८ खेचरे आणि ७ बैल. दुसऱ्याकडे ३, ७, २, १. तिसऱ्याकडे ६, ४, १, २. चौथ्याकडे ८, १, ३, १, याच क्रमाने. चौघांची मालमत्ता मात्र सारख्याच किमतीची. तर प्रत्येक जनावराचा भाव काय?

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या ‘बीजगणित’ ग्रंथातले हे उदाहरण. अज्ञात संख्या एकाहून अधिक असल्या की त्यांना रंगांची नावे देण्याची रीत त्यांच्याआधीपासून चालत आली होती. भिनमाळच्या ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच अशा समीकरणांचे नियम सांगितले होते. पहिले अज्ञात ‘यावत्तावत्’, मग काळा, निळा, पिवळा, लाल. लिहिताना पहिले अक्षर पुरे : या, का, नी, पी, लो. ज्ञात संख्येसाठी ‘रू’, म्हणजे रूप. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. बरोबरीचे चिन्ह नाहीच. दोन बाजू एकाखाली एक मांडायच्या, की झाले समीकरण.

घोड्याची किंमत या, उंटाची का, खेचराची नी, बैलाची पी. पहिल्या दोघांची मालमत्ता बरोबर धरली की घोड्याची किंमत बाकीच्या तिघांच्या भाषेत मिळते. दुसरा-तिसरा आणि तिसरा-चौथा यांच्या जोड्यांतूनही तशीच. एकाच घोड्याच्या या तीन किमती एकमेकींशी बरोबर धरल्या की घोडा हिशेबातून बाहेर पडतो आणि उंटाच्या दोन किमती हाती येतात. त्या बरोबर धरल्या की उंटही जातो. उरते एवढेच : ४ खेचरांची किंमत ३१ बैलांइतकी.

आजचा विद्यार्थी एका समीकरणातून मिळालेली किंमत उचलून दुसऱ्यात ठेवतो, भास्कराचार्य एकाच अज्ञाताच्या दोन किमती समोरासमोर उभ्या करतात. फरक मांडणीचा, वर्मावर बोट तेच. परतीच्या वाटेवर मात्र ते अगदी आपल्यासारखेच चालतात. चार अज्ञाते आणि तीनच समीकरणे, त्यामुळे शेवटी कुट्टक नावाच्या रीतीने पूर्णांक शोधावे लागतात : बैल ४, खेचर ३१. त्या किमती मागे ठेवत गेले की उंट ७६ आणि घोडा ८५. या मागे ठेवण्याला ते ‘उत्थापन’ म्हणतात. प्रत्येकाची मालमत्ता भरते ८५३. उत्तर एकमेव नाही. साऱ्या किमती दुप्पट, तिप्पट केल्या तरी चालते.

पण ही साखळी ते दरवेळी ओढत बसत नाहीत. एक माणूस दुसऱ्याला म्हणतो, ‘तू मला १०० दिलेस तर मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन.’ दुसरा म्हणतो, ‘तू मला १० दे, मी तुझ्या सहापट होतो.’ सरळ दोन अज्ञाते धरावीत असे हे गणित. भास्कराचार्य एकच धरतात, तेही हुशारीने : पहिल्याकडे दोन या उणे १००, दुसऱ्याकडे एक या अधिक १००. पहिली अट इथेच आपोआप पुरी होते. दुसरीवरून या ७०, म्हणून एकाकडे ४० आणि दुसऱ्याकडे १७०. रंग हे नुसते साहाय्यक, खरे बीज म्हणजे बुद्धी, असे ते सांगतात; या उदाहरणात ते पटते. पाठ्यपुस्तकांत रीत ठळक छापली जाते, अज्ञात निवडण्याची ही कला मात्र बहुधा शिक्षकाच्या मर्जीवर राहते.

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ काढला. तो यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. मठाला दिलेल्या देणग्यांची नोंद १२०७ च्या शिलालेखात आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. लेखाचा मुख्य भाग संस्कृत, पण देण्याघेण्याचा तपशील जुन्या मराठीत. तेलाच्या घाण्यांमागे पळी पळी तेल मठाला द्यायचे, असेही त्यात आहे.

पुढे ‘बीजगणित’ दूरवर गेले. १६३४ मध्ये अताउल्ला रशीदीने त्याचे फारसी भाषांतर केले. एडवर्ड स्ट्रेचीची १८१३ ची इंग्रजी आवृत्ती त्या फारसीवरून केलेली. हेन्री टॉमस कोलब्रुकने १८१७ मध्ये थेट संस्कृतातून भाषांतर छापले, तेव्हा या चार व्यापाऱ्यांचा हिशेब मुळावरून लंडनच्या वाचकांपुढे आला.