कॅम नवा, टॅपेट जुने

रात्री १०.०० : उरले १७ तास ५० मिनिटं

धाराशिवातल्या एका गॅरेजात, शंभरच्या बल्बखाली, माझ्या पद्मिनीचं इंजिन उघडं पडलंय. १०८९ सीसी, चार सिलिंडर, मुळात जेमतेम चाळीस घोड्यांची ताकद. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्यात बनवलेली गाडी, मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीची सख्खी बहीण. तिला तुळजापूरचा घाट तिसऱ्या गिअरवर चढवायचा, एवढाच माझा हट्ट. त्यापायी तीन महिने कॅम निवडण्यात गेले.

कॅम निवडायचा म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, हे ठरवायचं. जास्त वेळ उघडा ठेवला की वरच्या आरपीएमला सिलिंडर पोटभर जेवतो. खाली मात्र गाडी लंगडते, कारण इनटेक उघडतो तेव्हा एक्झॉस्ट अजून पुरता मिटलेला नसतो आणि जळका वायू उलटा आत शिरतो. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतीत पळणाऱ्या, याच जातीच्या फियाटना असं लंगडणं परवडायचं. त्यांना आठवडी बाजारातून वाट काढायची नव्हती. मी मधला कॅम घेतला. त्याची उचल जास्त, म्हणून स्प्रिंगही कडक, दुहेरी. पिस्टनच्या माथ्यावर खेळण्यातली माती थापून, इंजिन हाताने फिरवून, व्हॉल्व्ह कुठे टेकत नाही ना तेही पाहिलं. मातीवर उठलेला ठसा सुरीने कापून त्याची जाडी मोजली.

आणि टॅपेट जुनेच ठेवले.

“भाऊ, टॅपेट बी नवे टाका,” गॅरेजवाले चाचा म्हणाले. “कॅम नवा अन् टॅपेट जुने, लई दिवस नांदायचे नाहीत.”

मी एक टॅपेट उजेडात धरला. तळ आरशासारखा. “हे बघा ना, कसा चकाकतोय.”

“चकाकतोय तेच तर वाईट हाय.”

टॅपेट म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधला दट्ट्या. नव्याचा तळ सपाट दिसतो, पण असतो किंचित फुगीर. त्याला ढकलणाऱ्या कॅमच्या उंचवट्याला, म्हणजे लोबलाही, केसभर उतार असतो. त्यामुळे दर उचलीला टॅपेट स्वतःभोवती थोडा फिरतो आणि घासायची जागा बदलत राहते. जुन्याचा फुगवटा आधीच्या कॅमवर झिजून गेलेला असतो. तो फिरत नाही, एकाच रेषेवर घासत बसतो. हे मला वाचून ठाऊक होतं. पण आठ टॅपेटचे पैसे वाचत होते.

सकाळी ६.४० : उरले ९ तास १० मिनिटं

थंडी. लोबवर काळं मॉली ग्रीस. चाचांनी बजावलं : चालू झालं की दोन हजाराच्या वर, वीस मिनिटं, खाली आणायचं नाही. आणि ते चहा सांगायला गेले.

सेल्फ मारला, इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. तिसऱ्या मिनिटाला समोरच्या घरातले गृहस्थ मफलर गुंडाळून बाहेर आले आणि त्यांनी हात जोडले. घरात बाळंतीण, रात्रभर रडलेलं लेकरू आत्ता कुठे झोपलेलं. मी ओशाळून पाय काढला. इंजिन सातशेवर आलं, गोड गुरगुरायला लागलं.

अशा इंजिनात कॅमला तेल मिळतं ते मुख्यतः क्रँकने उडवलेलं. सातशेला ते उडतं किती? शिवाय कॅम क्रँकच्या निम्म्याच गतीने फिरतो. वेग असला की झेपावणारा व्हॉल्व्ह लोबच्या टोकावरचा दाब थोडा हलका करतो. हळू चालीत कडक स्प्रिंगचा सगळा भार त्या टोकावरच बसतो. इंजिन सरळ बंद केलं असतं तर एवढं नुकसान नव्हतं. मी ते सतरा मिनिटं तसंच ठेवलं, शेजारधर्म म्हणून.

चाचा परत आले तेव्हा मी पुन्हा दोन हजारावर होतो. मधल्या वेळाचं मी काही बोललो नाही.

९.३० : उरले ६ तास २० मिनिटं

तुळजापूर. घाट चढायचा तो सोलापूरहून परतताना. देवीच्या गर्दीतून बाहेर पडताना टक-टक ऐकू आली. कडेला घेऊन कव्हर काढलं, फीलर गेज घातला. एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा गॅप वाढलेला. आवळला, आवाज थांबला. गॅप वाढला म्हणजे कुठलं तरी लोखंड कमी झालं. ते गेलं कुठे, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

दुपारी १२.१५ : उरले ३ तास ३५ मिनिटं

सोलापूर. तोच व्हॉल्व्ह, तोच गॅप, पुन्हा वाढलेला. शिवाय कार्बोरेटर शिंकायला लागला. चहाच्या टपरीवरच्या तिघांनी तीन निदानं केली, मी तिन्ही ऐकली : जेट साफ केला, मिक्श्चरचा स्क्रू फिरवला, टायमिंग हलवलं. खरं कारण खाली होतं. एक्झॉस्टचा लोब झिजला की व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही. जळका वायू सिलिंडरातच अडतो आणि इनटेक उघडताच कार्बोरेटरच्या वाटेने वर येतो.

डिपस्टिक उन्हात धरली. ऑइलमध्ये चांदीची झाक. चाचांना फोन लावला.

“चेंबर खोला. गाडी चालवत आणू नका, टेम्पो बघा.”

टेम्पोवाल्याचा भाव ऐकला. पासष्ट-सत्तर किलोमीटर तर जायचं, असं मनाशी म्हटलं.

३.३५ : उरली १५ मिनिटं

घाटाचा पायथा. ऑइलचा लाल दिवा लुकलुकला, विझला. पंपाची जाळी काडीकचरा अडवते, लोखंडाचं पीठ नाही. ते पीठ सकाळपासून बेअरिंगच्या मऊ थरात रुतत होतं.

हळू चालवत घरी जाता आलं असतं, कदाचित. पण घाट समोर होता. मी तिसरा टाकला.

३.५०

आधी खालून ठोके. मग एकच दणका. काच पांढऱ्या धुराने भरली आणि चाकं जाम झाली. दुसऱ्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर डोकावत होता. मागून आलेल्या ट्रॅक्टरवाल्याने काही न विचारता रस्त्यावरच्या ऑइलवर फावड्याने माती टाकली, दुचाकीवाले घसरू नयेत म्हणून.

दुसऱ्या दिवशी

चाचांनी आठही टॅपेट वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. पाच बरे, दोन ओरखडलेले. एकाचा तळ वाटीसारखा खोल. त्याचा लोब जवळजवळ गोल झालेला. चेंबरमध्ये लोहचुंबक फिरवला तर त्याला काळ्या मिशा फुटल्या.

मग मी त्यांना त्या सतरा मिनिटांचं सांगितलं. ते बराच वेळ हात पुसत राहिले.

“लेकरू झोपलं का मग?”

“झोपलं.”