पोटाची भूक आणि मनाची भूक: ठाणांग सूत्रातील चार कारणे



जेवून तासही झालेला नसतो, तरी हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. याला हल्ली 'भावनिक खाणे' म्हणतात. ही भूक पोटाची की मनाची, हे ओळखायला आता डॉक्टर शिकवतात. पण हा भेद आपल्या आगमात फार पूर्वीच सांगितलेला आहे.

थोकडे शिकताना आपण चार संज्ञा पाठ केल्या: आहार, भय, मैथुन, परिग्रह. अकरा अंगांपैकी तिसरे अंग म्हणजे ठाणांग. त्याच्या चौथ्या ठाण्यात आहारसंज्ञा जागी होण्याची चार कारणे दिली आहेत. पोट रिकामे होणे, क्षुधावेदनीय कर्माचा उदय, खाण्याविषयी ऐकून-पाहून झालेली बुद्धी, आणि खाण्याचाच सतत विचार. पहिली दोन शरीराची, नंतरची दोन मनाची. पाचव्या शतकाच्या सुमारास वलभीला देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी आगम लिहून घेतले, त्याआधी हे सारे मुखपाठाने चालत आले होते.

यात एक गोष्ट लक्ष देण्यासारखी आहे. शेवटची दोन कारणे भय आणि परिग्रह या संज्ञांनाही तीच सांगितली आहेत. मला त्यातून असे उमगते की काळजी आणि खा-खा यांचा उंबरठा एकच आहे. मुलीचे लग्न, घरातला अबोला, दुकानाची थकलेली उधारी मनात घोळत राहते आणि आपण स्वयंपाकघरात डबे उघडत बसतो.

हे ज्ञान आपल्या बायकांच्या हाती मात्र उशिरा आले. आगम अर्धमागधीत, तेव्हा साधुसाध्वींच्या व्याख्यानात ऐकू तेवढेच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमोलकऋषीजी म. सा. यांनी 32 आगमांचा हिंदी अनुवाद केला. त्याच ऋषी परंपरेतले आपल्या नगर जिल्ह्याचे आनंदऋषीजी म. सा. यांचा जन्म 1900 मध्ये चिचोंडीला झाला, 1913 मध्ये मिरीला त्यांची दीक्षा झाली. पाथर्डीच्या धार्मिक परीक्षा बोर्डामुळे घरोघरच्या सुना-मुली थोकडे लिहू-वाचू लागल्या.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात 22 परिषहांत क्षुधा पहिली येते, आणि ती वेदनीय कर्माच्या खात्यात आहे. लालसा मोहनीयाच्या खात्यात. म्हणजे भूक लागणे हा दोष नाही. उत्तराध्ययनाच्या 26 व्या अध्ययनात साधूंनीही आहार घेण्याची सहा कारणे आहेत, त्यांत पहिले भुकेची वेदना हेच आहे. जुन्या एकत्र घरांत सून सर्वांच्या मागून, उरलेले खायची. तिच्या त्या भुकेला तपाचे नाव देणे आगमाला धरून नव्हते.

खरी भूक कशी असते, ते आमच्या राजूरभोवतीच्या डोंगरांनी पाहिले आहे. आषाढ-श्रावणात पाऊस कोसळतो, घरची नागली-वरई संपत येते, नवे पीक अजून शेतात असते. अशा दिवसांत इथल्या आदिवासी घरांनी रानातला कडूकंद पुन्हा पुन्हा उकळून, त्याचा कडूपणा काढून खाल्ला. आपल्याला कंदमूळ वर्ज्य, पण त्यातली खूण घेण्यासारखी आहे. रिकामे पोट चव निवडत बसत नाही.

आपल्या आयंबिलातही तीच खूण आहे. तूप, तेल, दूध, दही, गूळ-साखर काही नाही. काही खावेसे वाटले की स्वतःला विचारावे, आत्ता आयंबिलाची कोरडी भाकरी आणि उकडलेली डाळ चालेल का? चालेल म्हटले तर भूक पोटाची, निःशंक जेवावे. 'नको, पेढाच हवा' असे उत्तर आले तर एक सामायिक करावे. त्या 48 मिनिटांत मनाची भूक बहुधा ओसरते, पोटाची मात्र वाढत जाते.

विज्ञान या वाटेवर बरेच नंतर आले. हिल्डे ब्रुक या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 1973 च्या आपल्या ग्रंथात लिहिले की बाळाच्या प्रत्येक रडण्यावर खाऊ हाच उपाय झाला, तर मोठेपणी त्याला भूक आणि दुःख वेगळे ओळखता येत नाही. रडणाऱ्या नातवाच्या हाती बिस्कीट देताना हे आठवावे. 1999 मध्ये जपानी शास्त्रज्ञांना जठरातून पाझरणारे, भूक जागवणारे ग्रेलिन सापडले. पोट रिकामे असले की ते वाढते.

एक गोष्ट कळकळीने सांगते. मनाच्या भुकेवर शिक्षा म्हणून उपवास करू नका. उपवासात दिवसभर पारण्याच्या पदार्थांचाच विचार चालू असेल, तर चौथे कारण आपण स्वतःच पोसत असतो. मधुमेह असलेल्या किंवा गरोदर बहिणींनी तर भुकेची परीक्षा घेत बसूच नये, वेळेवर जेवावे. बाकीच्यांनी उणोदरीने सुरुवात करावी. पोट भरण्याआधी दोन घास कमी, आणि मनात जे सलते ते डब्याला नव्हे, एखाद्या मैत्रिणीला सांगावे.