भूगोलाचा तास आणि मेरू पर्वत



शाळेत शिकवलं जाणारं विज्ञान आणि घरातली धर्मश्रद्धा यांचा मेळ बसत नाही, तेव्हा शिक्षकानं काय करायचं, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. हा प्रश्न निघाला की आपल्याकडे ठरावीक दोन खटले सांगितले जातात. एक १६३३ सालचा रोममधला गॅलिलिओचा आणि दुसरा १९२५ सालचा, अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या डेटन गावचा. तिथे जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला भरला गेला. ही उदाहरणं महत्त्वाचीच आहेत. पण ती सतत ऐकून आपला एक समज होऊन बसतो, की हे भांडण पश्चिमेचं, चर्चचं, आपल्याकडे असलं काही नव्हतंच. हा समज बरोबर नाही. मराठीत हा वाद १८३० च्या दशकात झाला. डार्विनचा ग्रंथ १८५९ चा, म्हणजे त्याच्या वीसेक वर्षं आधी. तेव्हा प्रश्न माणूस कुठून आला हा नव्हता, पृथ्वी कशी आहे हा होता.

त्या काळातल्या वर्गाची थोडी कल्पना करू. पुराणातली पृथ्वी सपाट, विस्तीर्ण. मधोमध मेरू पर्वत, त्याच्याभोवती जंबुद्वीप, मग खाऱ्या पाण्याचा समुद्र, मग आणखी द्वीपं आणि उसाच्या रसाचे, दुधाचे, दह्याचे समुद्र. सूर्य मेरूला फेरी घालतो आणि त्याच्या आड गेला की रात्र. हे सगळं कीर्तनातून, पुराणश्रवणातून मुलांच्या कानावर पडलेलं असायचं. आणि मुंबई इलाख्यातल्या नव्या शाळांतून शिकवलं जाऊ लागलं, की पृथ्वी गोल आहे, स्वतःभोवती फिरते आणि सूर्याभोवतीही फिरते. आता मुलानं घरी जाऊन आजोबांना काय सांगायचं?

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. पालकांना या भूगोलाचा संशय येत होता, तो सगळा अज्ञानापोटी नव्हता. त्याच वर्षांत डॉ. जॉन विल्सन यांच्यासारखे मिशनरी मुंबईत जाहीर वादविवाद करत होते आणि पुराणांतल्या गोष्टी खोट्या पाडून त्यांतून धर्मच खोटा असा निष्कर्ष काढत होते. १८३९ साली दोन पारशी विद्यार्थी ख्रिस्ती झाले, तेव्हा विल्सन यांच्या शाळेतून पालकांनी भराभर मुलं काढून घेतली. १८४३ साली श्रीपत शेषाद्री परळीकर या मुलाला मिशनऱ्यांकडून परत आणून पुन्हा जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तर त्यांच्यावरच सनातन्यांचा रोष झाला. हे तेच बाळशास्त्री, ‘दर्पण’कार, एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि ज्योतिष शिकवणारे. विज्ञान शिकवणारा माणूस दोन्ही बाजूंनी कसा अडचणीत येतो, याचं हे आपल्याकडचं उदाहरण. शाळेतला नकाशा हा धर्मावरच्या हल्ल्याचा पहिला दगड आहे, असं पालकांना वाटत असेल, तर नुसता नकाशा दाखवून त्यांची समजूत पटणार नव्हती.

या कोंडीतून एक वाट काढली गेली, ती मुंबई-पुण्यापासून दूर, माळव्यात, भोपाळजवळच्या सिहोरला. तिथे लॅन्सलॉट विल्किन्सन हा इंग्रज पोलिटिकल एजंट होता. संस्कृत शिकलेला, तिथल्या पाठशाळेत लक्ष घालणारा. त्याच्या लक्षात असं आलं, की पुराणांतल्या भूगोलाला उत्तर द्यायला लंडनहून पुस्तक आणायची गरज नाही. ते उत्तर भास्कराचार्यांनी ११५० सालीच देऊन ठेवलेलं आहे, फक्त ते कुणी वाचत नाही.

आता भास्कराचार्य म्हणजे आपलेच. त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, चाळीसगावजवळच्या पाटणे इथे १२०७ च्या सुमारास एक मठ काढला, तो आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी! डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा शिलालेख उजेडात आणला. म्हणजे यादवकाळात खानदेशात ‘सिद्धान्तशिरोमणी’ शिकवण्याची रीतसर सोय होती. आणि त्या ग्रंथाच्या गोलाध्यायात काय आहे? भास्कराचार्य विचारतात: पृथ्वीला शेषाचा किंवा आणखी कशाचा आधार आहे म्हणता, तर त्या आधाराला आधार कुणाचा? त्याला आणखी कुणाचा? शेवटी कुठेतरी कुणीतरी स्वतःच्या शक्तीनं उभं आहे असं मानावंच लागणार, मग ते पृथ्वीबद्दलच का मानू नये? तत्त्वज्ञानात याला आपण अनवस्था म्हणतो. पुढे ते विचारतात, पृथ्वी आरशासारखी सपाट असेल, तर उंचावरून फिरणारा सूर्य आपल्याला सदासर्वकाळ का दिसत नाही? मेरूच्या आड जातो म्हणता, तर मधला मेरू का दिसत नाही? बरं, मेरू उत्तरेला. मग सूर्य वर्षातले काही महिने पूर्वेच्या दक्षिणेकडे कसा उगवतो? आणि पृथ्वी सपाट दिसते त्याचं कारण असं, की प्रचंड परिघाचा अगदी लहानसा तुकडा आपल्या नजरेत येतो.

पाहा, यात कुठे थट्टा नाही. प्रश्न आहेत, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर अंगणात उभं राहून तपासता येतं.

विल्किन्सनच्या सोबतीला सुबाजी बापू नावाचे शास्त्री होते. नवं ज्योतिष पटल्यावर, आजवरचं आयुष्य पुराणांतल्या कल्पनांचं समर्थन करण्यात गेलं याबद्दल ते किती हळहळले, हे विल्किन्सननं लिहून ठेवलं आहे. १८३६ साली सुबाजींनी मराठीत ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ लिहिला. त्यात पुराणांचं मत, सिद्धान्तांचं मत आणि कोपर्निकसचं मत अशी तिन्ही मतं शेजारी शेजारी मांडली आहेत. ही तीन पायऱ्यांची शिडी आहे. सपाट पृथ्वीवरून एकदम फिरत्या पृथ्वीवर उडी मारायला सांगायचं नाही. आधी भास्कराचार्यांचा हात धरून गोल पृथ्वीवर या, मग पुढची पायरी.

यावर पुण्याच्या ज्योतिषांत खळबळ झाली. यज्ञेश्वर सदाशिव ऊर्फ बाबा जोशी रोडे हे मोठे ज्योतिषी. पुराणं आणि ज्योतिष यांत खरा विरोध नाहीच, असा पक्ष घेऊन त्यांनी संस्कृतात ‘ज्योतिःपुराणविरोधमर्दन’ लिहिलं. सुबाजींच्या १८३७ सालच्या संस्कृत ग्रंथाचं नाव ‘अविरोधप्रकाश’. गंमत पाहा, दोन्ही बाजूंना हवा आहे तो अविरोधच. विरोध आहे, असं उघडपणे म्हणायला कुणी तयार नाही.

ही अविरोधाची ओढ आपल्याकडे फार जुनी आहे. आर्यभटानं ४९९ साली ग्रहणाचं कारण सावली, असं सरळ सांगितलं. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली त्याला दोष दिला, की राहूला डावलून कसं चालेल? स्वतः ब्रह्मगुप्त ग्रहणाचं गणित सावलीनंच करत होता. १०३० च्या सुमारास अल्-बेरुनीनं हे वाचलं आणि त्याला प्रश्न पडला, की एवढा मोठा गणिती असं का लिहितो? सॉक्रेटिससारखी वेळ आपल्यावर येईल अशी भीती त्याला वाटली असावी, असा तर्क त्यानं केला. आणि ज्यांचं आपण आता कौतुक केलं ते भास्कराचार्यसुद्धा ग्रहणाच्या प्रकरणात काय म्हणतात? ब्रह्मदेवाच्या वरामुळे राहू पृथ्वीच्या सावलीत शिरतो आणि चंद्राला झाकतो. म्हणजे गणितही राहिलं आणि राहूही राहिला.

या अविरोधाच्या मार्गाचा फायदा झाला, हे मान्य करायला हवं. त्यानं मुलाला घराशी भांडण न लावता नवी गोष्ट ऐकवली. पण त्याची किंमत काय पडली, तेही पाहायला हवं. आम्हाला ती दोन ठिकाणी दिसते.

पहिली अशी. भास्कराचार्यांचा हात धरून तुम्ही दुसऱ्या पायरीपर्यंत येता, तिसरीवर नाही. त्यांची पृथ्वी गोल आहे, पण स्थिर आहे. कोपर्निकस भास्कराचार्यांत नाही. आर्यभटानं पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं म्हटलं होतं, पण सूर्याभोवती नव्हे. तेव्हा ‘आपल्या पूर्वजांनी सांगितलं म्हणून खरं’ या आधारावर मुलाला आणलं असेल, तर तिसऱ्या पायरीशी तो थांबणार. भास्कराचार्यांचं नाव चाललं, त्यांची विचारण्याची रीत मात्र मागे पडली. एक आप्तवाक्य जाऊन दुसरं आप्तवाक्य आलं, एवढंच.

दुसरी किंमत अधिक बोचणारी आहे. अश्वघोषाच्या नावावर असलेली ‘वज्रसूची’ आपल्याला माहीत आहे. जन्मावरून कुणी ब्राह्मण ठरत नाही, असं ती एकेक तर्क देऊन दाखवते. सतराव्या शतकात संत बहिणाबाईंनी तिचा आशय अभंगांत आणला होता. विल्किन्सननं ती छापायची ठरवली, तेव्हा सुबाजींनी मदतीला अट घातली, की माझं खंडन सोबत छापायचं. १८३९ साली ती तशीच छापली गेली, सुबाजींच्या ‘टंक’ या उत्तरासह. विचार करा. ज्या माणसानं पृथ्वी फिरते हे मान्य केलं, त्याला जन्मजात उच्चनीचता सोडवेना. तर्क आकाशात चालला, गावात शिरला नाही. यात सुबाजींना एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. विज्ञान हा एक विषय म्हणून शिकवला, विचाराची सवय म्हणून नाही, की हे असंच होतं. जातीबद्दलचा तोच प्रश्न घेऊन महात्मा फुल्यांना १८४८ साली पुण्यात वेगळी शाळा काढावी लागली.

पुढे सरकारी शाळा वाढल्या. सरकारचं धोरण धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचं. पुस्तकात गोल पृथ्वी आली, मेरू पर्वताचा उल्लेखच गेला. सुबाजींनी निदान तीन मतं समोरासमोर ठेवली होती. आता त्या जागी मौन आलं. आपल्या पिढ्यान्‌पिढ्या या मौनात शिकल्या. ग्रहणाची आकृती वहीत काढायची, दहापैकी आठ गुण मिळवायचे आणि घरी येऊन ग्रहणाचे वेध पाळायचे. दोन कप्पे, आणि मधलं दार बंद.

मौनाचा दुसरा तोटा असा, की शिकवलेली गोष्ट काढून घेणंही सोपं होतं. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, एका वैदिक संमेलनाच्या वेळी तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, की डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आहे, अभ्यासक्रमातून बदलायला हवा. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून विरोध केला आणि खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी आपल्या सहकाऱ्याला अशी विधानं टाळायला सांगितलं. पण २०२३ साली आलेल्या एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणाची नुसती ‘आनुवंशिकता’ झाली. कारण दिलं गेलं अभ्यासाचा भार कमी करण्याचं. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या.

आपण नवी मुंबईत आहोत. इथे वाशीला काय, नेरूळला काय, एकाच रस्त्यावर राज्य मंडळाची शाळा असते आणि सीबीएसईचीही. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. समोरच्या शाळेत मात्र तो विषय बारावीच्या जीवशास्त्रापर्यंत लांबला, आणि तेही जो जीवशास्त्र घेईल त्याच्यासाठी. एकाच इमारतीतली दोन मुलं, एकाला माणसाचा इतिहास कळणार, दुसऱ्याला कदाचित कधीच नाही.

मग शिक्षकानं करायचं काय? डार्विनला दशावतारात बसवून ‘हे आपल्याकडे होतंच’ म्हणायचं? तो पुन्हा अविरोधच झाला. अवतारकथेचं मोल वेगळं आहे. तिला पुरावा मागू नये आणि तिला पुरावा म्हणूनही वापरू नये. मुलाच्या श्रद्धेची थट्टा करायची? तेही नाही, विल्सन यांच्या शाळेचं काय झालं ते आपण पाहिलं. आमच्या मते शिक्षकानं प्रमाणाचा प्रश्न विचारायला शिकवावं. हे कुठून कळलं? चुकीचं असतं तर काय दिसलं असतं? आपल्या दर्शनांत हा विचार परका नाही. शंकराचार्यांनीही गीताभाष्यात म्हटलं आहे, की अग्नी थंड असतो असं शंभर श्रुतिवचनं सांगू लागली, तरी ती प्रमाण होणार नाहीत. जे डोळ्यांनी आणि अनुमानानं कळतं, तिथे श्रुतीचा अधिकार नाही.

हे वर्गात कसं करायचं, त्याचा एक नमुना आपल्याच राज्यात आहे. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसोबत फलज्योतिषाची चाचणी घेतली. दोनशे मुलांच्या कुंडल्या. निम्मी मुलं अभ्यासात हुशार, निम्मी मतिमंद. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस कुंडल्या पाहून कोणतं मूल कोणत्या गटातलं ते सांगितलं. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण ४६ टक्के, म्हणजे छापा-काट्याइतकंच. यात कुणाचा अपमान नव्हता. जे म्हणता ते करून दाखवा, एवढंच होतं. आठवीतल्या मुलालाही ही चाचणी समजते. आणि एवढंसं म्हणण्याची किंमत किती असू शकते, हे आपण २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात पाहिलं. त्या सकाळी दाभोलकरांचा खून झाला.

म्हणून शिक्षकाला एकटं सोडून चालणार नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन हे १९७६ पासून राज्यघटनेत नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. ते विज्ञानाच्या शिक्षकाचं एकट्याचं कर्तव्य आहे असं तिथे म्हटलेलं नाही. पालक सभेला आपण फी आणि गुण यांबद्दल विचारतो. पुढच्या वेळी एक जास्तीचा प्रश्न विचारावा: हा धडा तुम्ही शिकवता की नुसता वाचून दाखवता? आणि मूल घरी येऊन म्हणालं, की आजोबा, तुम्ही सांगता ते आणि बाई सांगतात ते जुळत नाही, तर त्याला गप्प करू नये. बसवून विचारावं, की बाईंनी कारण काय सांगितलं? आपल्याला उत्तर येत नसेल, तर दोघांनी मिळून शोधावं.

इथे थांबतो. आपले प्रश्न घेऊ.