संततिनियमन : १९३८ चा ठराव आणि आपल्या वस्तीतला प्रश्न

भीमजयंतीच्या तयारीसाठी आमच्या वस्तीतल्या विहारात बैठक भरली होती. चहा झाला, वर्गणीचा हिशेब झाला आणि बोलता बोलता विषय लोकसंख्येवर गेला. एक तरुण कार्यकर्ता तावातावाने म्हणाला, "कुटुंबनियोजन हा आपली संख्या कमी करण्याचा डाव आहे. संख्या हीच आपली ताकद." दुसऱ्याने लगेच उत्तर दिले, "बाबासाहेब स्वतः संततिनियमनाच्या बाजूचे होते. दोन मुलांचा कायदा आणखी कडक व्हायला पाहिजे." दोघेही शिकलेले आणि चळवळीतले. अर्धा तास वाद झाला. मग मागच्या सतरंजीवर बसलेली एक ताई शांतपणे म्हणाली, "माझं ऑपरेशन बाविसाव्या वर्षी झालं. दुसरं लेकरू झालं आणि सासूनं न् सिस्टरनं मिळून ठरवलं. तांबी म्हणजे काय असतं ते मला नंतर कळलं. मला कुणी विचारलंच नाही."

विहार गप्प झाला. आम्हालाही बोलता आले नाही, कारण अर्ध्या तासाच्या त्या वादात 'मला विचारलं का' हा प्रश्न एकदाही आला नव्हता. हा लेख त्या ताईच्या वाक्याला दिलेले उत्तर आहे. तिने विचारलेला प्रश्न बाबासाहेबांनी ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी कायदेमंडळात पोहोचवला होता. आपण मात्र त्यातले अर्धेच लक्षात ठेवले.

१० नोव्हेंबर १९३८

मुंबई प्रांतात तेव्हा बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते आणि विरोधी बाकांवर बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष होता. या पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा अशासकीय ठराव आणला. सरकारने जनतेत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्यासाठी पुरेशा सोयी उपलब्ध करून द्याव्यात, अशी त्यात मागणी होती. बाबासाहेब त्या दिवशी सभागृहात हजर राहू शकले नाहीत. त्यांनी तयार केलेले भाषण पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी मांडले. मतदान झाले तेव्हा ठरावाच्या बाजूने ११ आणि विरोधात ५२ मते पडली. ठराव पडला.

भाषणात गरिबीचा मुद्दा होता, बाळंतपणात खंगणाऱ्या आणि मरणाऱ्या स्त्रियांचा मुद्दा होता. पण त्याचा कणा वेगळा होता. कोणत्याही कारणाने स्त्रीला मूल नको असेल तर गर्भधारणा टाळणे तिला शक्य असले पाहिजे आणि मूल व्हावे की नाही हे पूर्णपणे तिच्या मर्जीवर असले पाहिजे, अशी स्पष्ट मांडणी त्यात होती. बाळंतपणाच्या वेणा पुरुषाच्या वाट्याला आल्या असत्या, तर एकापेक्षा जास्त मुलाला कुणीच तयार झाला नसता, हेही सभागृहाला ऐकवले गेले.

आता मागणी नीट तपासा. सरकारने प्रचार करावा आणि सोय द्यावी. निर्णय मात्र स्त्रीचा. सक्ती नाही, शिक्षा नाही, अपात्रता नाही. 'बाबासाहेब संततिनियमनाच्या बाजूचे होते' हे वाक्य खरे आहे. त्यातून 'म्हणून दोन मुलांचा कायदा हवा' असा निष्कर्ष काढणे हे मात्र त्यांच्या मांडणीतून स्त्रीची मर्जी वजा करणे आहे.

हा विचार आला कुठून?

बाबासाहेब रामजी आणि भीमाबाईंचे चौदावे अपत्य. त्या चौदांपैकी मोजकीच जगली आणि बाबासाहेब पाचएक वर्षांचे असतानाच भीमाबाई गेल्या. पुढे बाबासाहेब आणि रमाईंना पाच मुले झाली. त्यांतली चार बालपणीच दगावली. १९२६ मध्ये राजरत्न गेला आणि १९३५ मध्ये रमाई गेल्या. लेकरे पुरणे आणि पुन्हा कूस उजवण्याची वाट पाहणे, हे ज्या घराने सोसले त्या घरातल्या माणसाला बाळंतपण हा आकडेवारीचा विषय वाटणे शक्य नव्हते.

दुसरा धागा र. धों. कर्वे यांचा. महर्षी कर्व्यांच्या या मुलाने १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले होते. म्हणजे या बाबतीत मुंबई जगाच्या मागे नव्हती. या कामापायी कर्व्यांना विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यासाठी पत्नी मालतीबाईंनी घरखर्चाचा भार उचलला. १९३४ मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने कोर्टात बाबासाहेब उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण लोकांनी विचारलेल्या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर देणे हा गुन्हा असू शकत नाही, ही बाजू इतिहासात नोंदली गेली.

त्या काळातली समोरची बाजू काय होती? गांधीजींचे उत्तर ब्रह्मचर्य आणि संयम हे होते. १९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर त्यांना वर्ध्याला भेटल्या, तरी कृत्रिम साधनांना त्यांचा विरोध कायम राहिला. संयमाचा उपदेश ऐकायला उदात्त वाटतो. पण ज्या घरात नवऱ्याला नाही म्हणण्याची सोय नाही, तिथे संयम कुणाच्या हातात असतो? उपदेश नवऱ्याला आणि परिणाम बाईला. म्हणूनच साधन स्त्रीच्या हातात असणे हा आपल्या दृष्टीने मुक्तीचा प्रश्न आहे.

१९४२ च्या जुलैत नागपूरला दलित महिलांची परिषद झाली. तिथेही बाबासाहेबांनी आपल्या आया-बहिणींना लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका, मुलांना शिकवा आणि नवऱ्याची दासी नव्हे तर बरोबरीची मैत्रीण म्हणून उभ्या राहा, असे सांगितले. हे एकाच विचाराचे भाग आहेत. एक उचलायचा आणि बाकीचे सोडायचे, असे चालणार नाही.

सोयीचे लक्ष्य झाले

स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पण 'तुम्हाला काय हवे' या प्रश्नाची जागा हळूहळू 'किती केसेस झाल्या' या प्रश्नाने घेतली. त्याचा कळस आणीबाणीत झाला. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यातल्या बहुसंख्य पुरुषांच्या. रेशन, कर्ज, नोकरी, बदली यांना नसबंदीचा दाखला जोडला गेला. जिथे दबाव टाकणे सोपे तिथे तो जास्त पडला आणि दबाव गरिबावर टाकणे नेहमीच सोपे असते. आपल्या महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही.

त्यामुळे 'हा आपल्याविरुद्धचा डाव आहे' म्हणणाऱ्या मित्राची भीती हवेतली नाही. ती जुन्या जखमेतून आली आहे. पण त्या जखमेवर 'जास्त मुले हीच ताकद' हा उपाय नाही. ती मुले वाढवायची कुणाच्या रक्तावर? ताकद शिकलेल्या, धडधाकट, संघटित माणसांची असते.

आणीबाणीनंतर सरकारला धडा मिळाला, तो विचित्र. पुरुषांची नसबंदी मते घालवते, हे कळले. मग सगळा भार बाईवर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदीवर विसंबलेली जोडपी फक्त ०.३ टक्के. १९९६ मध्ये लक्ष्ये कागदावरून हटली, पण शिबिरे चालूच राहिली. २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात अशाच शिबिरानंतर तेराहून अधिक बायका गेल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा, असे सांगावे लागले.

महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले तर जिल्हा परिषद-पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. तिसरे मूल बहुतेक वेळा घराला मुलगा हवा म्हणून होते. ते ठरवते घर, अपात्र ठरते बाई. राखीव जागेवरून निवडून येऊ शकणारी आपली एखादी कार्यकर्ती अशी बाहेर बसत असेल, तर नुकसान कुणाचे?

मग निवडायचे कसे?

इतिहास सांगून थांबलो तर त्या ताईचा प्रश्न तिथेच राहील. म्हणून प्रत्येक वस्तीत माहिती असावी असे थोडक्यात मांडतो. यातली बहुतेक साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

निरोध : लैंगिक आजार आणि एचआयव्हीपासूनही संरक्षण देणारे हे एकमेव साधन. पण प्रत्येक वेळी आणि नीट वापरले तरच.

माला-एन : रोज एक गोळी. विसरली तर भरवसा कमी होतो. रक्तदाब जास्त असेल, पस्तिशीनंतर तंबाखू-मिश्रीची सवय असेल किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतले आणि अंगावर पिणारे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

छाया : लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, हार्मोन नसलेली गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. पाळी लांबू शकते.

अंतरा : दर तीन महिन्यांनी इंजेक्शन. घरात कुणाला कळत नाही, म्हणून काहींना सोयीचे. पाळी अनियमित होते आणि बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने जास्त लागू शकतात. मूल लवकर हवे असेल तर हे लक्षात घ्या.

तांबी : प्रकारानुसार पाच किंवा दहा वर्षे चालते. काढली की पुन्हा दिवस राहू शकतात. सुरुवातीला रक्तस्राव आणि पोटदुखी वाढू शकते. आधीच अंगावरून जास्त जात असेल तर तपासून घ्या.

नसबंदी : कायमची समजूनच करावी. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा साधी आहे. नंतर तीन महिने दुसरे साधन वापरून वीर्यतपासणी करावी लागते. ताकद जात नाही.

निवडताना स्वतःला विचारायचे प्रश्न साधे आहेत. मूल पुढे हवे आहे का? किती वर्षांनी? अंगात कोणता आजार आहे? रोज आठवण राहील का? नवरा साथ देईल का? आणि शेवटचा प्रश्न, हे मी ठरवते आहे की माझ्यासाठी दुसरे कुणी ठरवते आहे? आशाताई किंवा सिस्टर एकाच साधनाचे नाव घेत असतील, तर बाकीची विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. कागदावर अंगठा किंवा सही त्यानंतर.

आणि आपल्या भावांना एक सांगणे. घरात बायको तिसऱ्यांदा दवाखान्याच्या रांगेत उभी असताना बाहेर समतेवर भाषण देणे सोपे आहे. चळवळीतल्या किती पुरुषांनी स्वतःची नसबंदी करून घेतली, असे पुढच्या बैठकीत मोकळेपणाने विचारू या. जे मौन पसरेल, त्यातून कामाला सुरुवात करता येईल.

त्या दिवशी सभागृहात आपल्या बाजूने अकरा हात होते. आज आपल्या एका वस्तीतही त्याहून जास्त असायला हवेत. त्या बैठकीनंतर आम्ही ठरवले आहे की महिन्यातला एक रविवार विहारात याच विषयावर बोलायचे, बायका आणि पुरुष दोघांनीही. पहिल्या रविवारी सुरुवात ती ताई करणार आहे.

जयभीम.