राजनिष्ठेचे वतन : एका विस्थापित घराण्याची हकिगत

अमेरिकन क्रांतीचा इतिहास विजेत्यांच्या बाजूने इतक्या वेळा सांगितला गेला आहे की, त्या युद्धात ज्यांनी इंग्लंडच्या राजाशी इमान राखले आणि त्यापायी घरदार, जमीनजुमला व पिढ्यान्‌पिढ्यांचा लौकिक गमावला, त्या सुमारे ६०,००० माणसांची आठवण आपल्याकडच्या वाचकाला क्वचितच होते. त्या परागंदा झालेल्यांपैकी निम्मे लोक नोव्हा स्कोशियाच्या थंड व खडकाळ किनाऱ्यावर उतरले. त्यांतील प्लिमथच्या विन्स्लो घराण्याची हकिगत मला विशेष विचारणीय वाटते. या घराण्याचा पत्रव्यवहार बराचसा टिकून राहिला आणि १९०१ साली छापला गेला, हे एक कारण. परंतु त्याहून मोठे कारण असे की, उखडले जाण्याची व दुसऱ्यास उखडण्याची त्याची कहाणी १७८३ मध्ये सुरू होत नाही, ती दीडशे वर्षे आधीपासून चालत आलेली आहे.

मूळ पुरुष एडवर्ड विन्स्लो १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून न्यू इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला आणि पुढे तीन वेळा प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर झाला. १६२३ साली त्या प्रदेशातील वांपानोआग जमातीचा प्रमुख मॅसासॉइट मरणोन्मुख झाल्याचे वृत्त येताच हा गृहस्थ रान तुडवीत त्याच्याकडे गेला, स्वतःच्या हाताने त्याला औषध व पेज भरवली, आणि त्या शुश्रूषेने प्रमुख बरा होऊन इंग्रजांचा कायमचा स्नेही बनला. त्याच विन्स्लोचा मुलगा जोसाया. त्याने १६६२ साली मॅसासॉइटच्या वडील मुलाला सक्तीने जबाबासाठी नेले, आणि तो त्या प्रवासातच आजारी पडून वारला. १६७५ साली धाकटा मुलगा मेटाकॉम शस्त्र घेऊन उठला तेव्हा वसाहतींच्या संयुक्त फौजेचे आधिपत्य याच जोसायाकडे होते. त्या युद्धात वांपानोआगांचा मुलूख गेला, मेटाकॉम मारला गेला आणि असंख्य बंदिवान गुलाम म्हणून समुद्रापलीकडे विकले गेले. बापाने जोडलेले नाते मुलाने एका पिढीत निकालात काढले, असे म्हणणे मला कठोर वाटत नाही.

जोसायाचा नातू जॉन विन्स्लो सैन्यात मोठ्या हुद्द्यास चढला. फ्रेंच वंशाचे अकेडियन शेतकरी नोव्हा स्कोशियात फंडीच्या उपसागराला बांध घालून, खारवट दलदलीची सुपीक कुरणे करून शतकाहून अधिक काळ नांदत होते. परंतु ते राजनिष्ठेची बिनशर्त शपथ घेत नाहीत, या सबबीवर त्यांना मुलखाबाहेर घालविण्याचे इंग्रज सरकारने ठरविले. ५ सप्टेंबर १७५५ रोजी ग्राँ-प्रे गावच्या देवळात दहा वर्षांवरील सर्व पुरुषांना बोलावून, जमलेल्या ४१८ जणांपुढे जॉन विन्स्लोने हुकूम वाचला : जमीन, घरे, गुरेढोरे सरकारजमा झाली असून तुम्ही सहकुटुंब येथून हलविले जाल. हे काम आपल्या प्रकृतीला अत्यंत अप्रिय आहे, असे त्याने स्वतःच्या रोजनिशीत नोंदविले आहे, आणि ते खोटे मानण्याचे कारण मला दिसत नाही. काम मात्र त्याने पूर्ण केले. पुढील आठ वर्षांत सुमारे १०,००० अकेडियन देशोधडीला लागले. काही सेंट जॉन नदीच्या वरच्या अंगास सेंट-ॲन या ठिकाणी जाऊन राहिले. तेही गाव १७५९ च्या हिवाळ्यात जाळण्यात आले, तरी उरलेले लोक पुन्हा आसपास येऊन, कोणतीही सनद हाती नसता, जमीन कसू लागले. हे गाव वाचकाने ध्यानात ठेवावे.

जॉनचा धाकटा भाऊ एडवर्ड हा प्लिमथला न्यायालयाचा लेखनिक आणि बंदराचा जकात अधिकारी होता. त्याचा मुलगा, धाकटा एडवर्ड विन्स्लो, म्हणजेच मूळ पुरुषाचा खापरपणतू, १७६५ साली हार्वर्डचा पदवीधर झाला. त्याने व त्याच्या मित्रांनी १७६९ साली ‘ओल्ड कॉलनी क्लब’ स्थापून पूर्वजांच्या आगमनाचा दिवस साजरा करण्याची प्रथा पाडली, आणि पुढच्याच वर्षी त्या प्रसंगीचे पहिले भाषण करण्याचा मान त्याला मिळाला. पूर्वजपूजेचा हा सोहळा ज्याने गावाला दिला, त्यालाच राजाची बाजू घेतल्याने गाव पाच वर्षांत पारखे झाले. एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टनकडे निघालेल्या इंग्रज सेनानी लॉर्ड पर्सीच्या तुकडीला त्याने वाट दाखविली. त्या धुमश्चक्रीत त्याच्याखालचा घोडा गोळी लागून पडला. मार्च १७७६ मध्ये इंग्रज फौजेने बॉस्टन सोडले तेव्हा तोही निघाला, आणि जाताना तेथील कौन्सिलच्या दालनातील राजचिन्ह, सिंह व एकशृंगीसह, बरोबर घेऊन गेला. त्यानंतर राजनिष्ठांच्या सर्व पलटणींची हजेरी व गणती ठेवण्याची सरदारकी त्याच्याकडे आली, आणि युद्ध संपेपर्यंत कोणत्या पलटणीत किती माणूस जिवंत आहे हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

१७८१ साली यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसने शस्त्रे खाली ठेवली. (हाच कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानात गव्हर्नर-जनरल होऊन आला आणि १७९२ मध्ये हरिपंत फडक्यांच्या मराठी फौजेसह श्रीरंगपट्टणापुढे उभा राहिला, सेनापतीला पराभवानंतरही दुसरे राज्य मिळते, शिपायाला मिळत नाही.) १७८३ च्या वसंत ऋतूत न्यूयॉर्कहून विन्स्लोला नोव्हा स्कोशियाकडे पुढे पाठविण्यात आले ते राजनिष्ठ पलटणींच्या शिपायांसाठी जमीन पाहण्याकरिता. सेंट जॉन नदीच्या काठाने हिंडून त्याने पलटणवार पट्टे आखण्याच्या योजना केल्या, कुटुंबप्रमुखास १०० एकर व माणशी ५० एकर असे प्रमाण ठरले, आणि मे महिन्यापासून जहाजे येऊ लागली. शरद ऋतूत पलटणी आल्या तोवर मोजणी झालेली नव्हती. हिवाळा तोंडावर होता, आणि सेंट-ॲनच्या टेकाडाखाली अनेक कुटुंबांनी तंबूंवर फांद्या व बर्फ रचून तो काढला. तंबूंतील कितीएक त्या हिवाळ्यातच दगावले. ज्यांची हजेरी आपण वर्षानुवर्षे घेतली, ते स्वाभिमानी शिपाई आता शिधा मागण्यासाठी गुडघे टेकत आहेत हे पाहून विन्स्लोला झालेले दुःख त्याच्या पत्रांत उघड दिसते. त्या दुःखातूनच त्याने एक राजकीय मागणी पुढे रेटली : नोव्हा स्कोशियाचे हॅलिफॅक्स येथील दूरस्थ सरकार आपली दाद घेणार नाही, तर उपसागराच्या उत्तरेकडचा मुलूख तोडून राजनिष्ठांचा स्वतंत्र प्रांत व्हावा. जून १७८४ मध्ये न्यू ब्रन्सविक प्रांत निर्माण झाला. त्याच वर्षी, उतारवयात प्लिमथ सोडावे लागलेला विन्स्लोचा वृद्ध पिता हॅलिफॅक्सला वारला.

या प्रांताची राजधानी फ्रेडरिक्टन उभी राहिली ती सेंट-ॲनच्याच जागी. नवागतांपाशी सनदा होत्या, अकेडियनांपाशी केवळ वहिवाट होती. तेव्हा बेदखल झालेली कित्येक कुटुंबे १७८५ साली नदीने आणखी वर, माडवास्काच्या रानात, निघून गेली. नदीचे मूळ मालक वोलास्टोक्वियिक लोक यांना तर या वाटपात कोणी विचारलेही नाही. ज्याने स्वतः निर्वासनाची व्यथा एवढ्या उत्कटतेने लिहिली, त्याच्या लेखणीला या निर्वासनाचा चटका लागावा अशी माझी इच्छा राहते. पण काकाने केलेले काम पुतण्याच्या काळी हुकूमनामा न वाचताच, केवळ सनदांच्या आधाराने, होऊन गेले.

फ्रेडरिक्टनजवळ किंग्जक्लिअर येथे विन्स्लोने घर बांधले. नुकसानभरपाईसाठी लंडनला नेमलेल्या आयोगाने राजनिष्ठांना एकंदर सुमारे ३० लाख पौंड वाटले, तरी मोठे कुटुंब, तुटपुंजा अर्धपगार आणि कौन्सिलच्या सभासदत्वाचा बिनपगारी मान यांच्या कात्रीत त्याचे आयुष्य कर्जात गेले. राजचिन्ह त्याने नव्या प्रांतात पाठविले, तेही आपल्यासारखेच निर्वासित आहे असे लिहून. ते आज सेंट जॉन शहरातील ट्रिनिटी चर्चमध्ये आहे. प्लिमथचे वडिलोपार्जित घर परक्यांच्या हाती गेले, आणि १८३५ साली त्याच घरात इमर्सन या तत्त्वचिंतकाचा विवाह लीडिया जॅक्सनशी लागला. विन्स्लो मात्र नव्या प्रांतातच १८१५ मध्ये निवर्तला.

त्याच्या उत्तरायुष्यातील एक कामगिरी येथे सांगितलीच पाहिजे. इंग्लंड व अमेरिका यांच्यातील १७८३ च्या तहाने सेंट क्रॉय नदी ही सरहद्द ठरविली होती, परंतु ती नदी नेमकी कोणती यावर उभय पक्षांचा वाद पडला, आणि १७९६ मध्ये नेमलेल्या सीमा-आयोगाचा चिटणीस विन्स्लो झाला. १६०४ साली फ्रेंचांनी त्या नदीतील एका बेटावर वसाहत केली होती; ७९ माणसांपैकी जवळजवळ निम्मी पहिल्याच हिवाळ्यात स्कर्व्ही रोगाने मेली आणि बेट ओसाड पडले. १७९७ साली तेथे झाडाझुडपांखाली खणून पाहता जुन्या इमारतींचे पाये सापडले, ते त्या वसाहतीतील नकाशाकार शाँप्लँच्या नकाशाशी जुळले, आणि नदीची ओळख पटली. ऑक्टोबर १७९८ मध्ये आयोगाने निवाडा दिला. अशा रीतीने राजनिष्ठांच्या नव्या वतनाची पश्चिम सीमा ज्या पुराव्यावर कायम झाली, तो अकेडियनांच्या आद्य वसाहतीच्या पायाच्या दगडांचा होता, आणि त्या आयोगाचे दप्तर जॉन विन्स्लोच्या पुतण्याने सांभाळले.