पाळण्याची दोरी आणि पाच धात्री



घरात तान्हे बाळ असले की भेटायला येणारी प्रत्येक बाई आधी एकच विचारते, "रात्री झोपतो ना गं?" नाही म्हटले की सल्ले सुरू होतात. जायफळाचे वेढे वाढव, ग्राइप वॉटर दे, सर्दीचे औषध चमचाभर पाज, गाढ झोपेल. या सगळ्याच्या तळाशी एक न बोललेले वाक्य असते: आईलाच जमत नाही. बाळाच्या झोपेचा इतिहास वाचला, तर हे वाक्य किती खोटे आहे ते कळते.

सुरुवात आपल्या आगमापासून करू. आचारांग सूत्राच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात, भावना अध्ययनात, वर्धमानकुमारांच्या बालपणाचे वर्णन आहे. त्यांना सांभाळायला पाच धात्री होत्या. एक दूध पाजणारी, एक न्हाऊ घालणारी, एक सजवणारी, एक खेळवणारी आणि एक मांडीवर घेऊन बसणारी. बाळ एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर जात वाढले. राजघराणे होते, हे खरे. पण महावीर जन्मकल्याणकाला आपण पाळणा हलवतो तेव्हा त्रिशलामातेचेच नाव घेतो आणि त्या पाच जणी विसरून जातो. तीर्थंकरांच्या आईलाही बाळ एकटीने वाढवावे लागले नव्हते. साध्या घरांतही आजी, आत्या, काकी, मोठी बहीण असायच्या आणि पाळण्याची दोरी या हातातून त्या हातात जायची.

हे हात निघून गेल्यावर काय होते, ते मुंबईने पाहिले.

१८५० च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या. कोकणातून आणि घाटावरून कुटुंबे आली. बायका रीलिंग आणि वाइंडिंग खात्यांत कामाला लागल्या. १८९१ च्या कायद्याने बायकांचे काम दिवसाला ११ तासांपर्यंत मर्यादित केले, म्हणजे ११ तास ही सवलत होती! सासू, नणंद गावी राहिलेल्या. चाळीच्या एका खोलीत बाळ ठेवायचे कोणाजवळ? मग अफूची बारीक गोळी आली. तिला बाळगोळी म्हणत. सकाळी गोळी द्यायची, बाळ निपचित पडून राहायचे आणि आई पाळी करून यायची.

अफू बाळाला नुसती झोपवत नाही. तिने श्वास मंदावतो आणि भूक लागली तरी बाळ जागे होत नाही. दूध कमी जाते, पोट घट्ट होते, अंग वाळत जाते. शरीराला सवय झाली की तेवढीच गोळी पुरत नाही आणि हाताने वळलेल्या गोळीत अफू किती, ते कोणालाच ठाऊक नसते. कित्येक बाळे त्या झोपेतून उठलीच नाहीत.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. इंग्लंडच्या गिरणीगावांत आया गॉडफ्रेज कॉर्डियल नावाचे अफूमिश्रित गोड औषध पाजत. अमेरिकेत १८४९ पासून मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप विकले जाई. त्यात मॉर्फीन होते. बाटलीत काय आहे ते छापण्याची सक्ती तिथे १९०६ च्या कायद्याने झाली. देश वेगळे, भाषा वेगळ्या, पण आईची अडचण तीच होती.

आता आपल्या समाजाला थोडे टोचणारे. ही अफू आली कुठून? माळव्याची अफू १९ व्या शतकात मुंबई बंदरातून चीनला जात असे. त्या व्यापारात पारशी होते, मारवाडी होते आणि आपले जैन व्यापारीही होते. मुंगीला जपणाऱ्या घरांतल्या तिजोऱ्यांत हा पैसाही आला. त्यांनी बाळांना विष दिले असे मी म्हणत नाही, पण माल पुढे कोणाच्या घरात जातो हे विचारणे अहिंसेतच येते. आणि गिरणीतल्या आईला अडाणी म्हणून नावे ठेवण्याआधी हेही आठवावे.

१९२९ साली जॉन व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली मजुरांच्या स्थितीची चौकशी करणारा आयोग नेमला गेला. १९३१ च्या अहवालात त्याने बाळांना अफू देण्याच्या चालीची दखल घेतली आणि गिरण्यांत पाळणाघरे काढावीत असे सुचवले. १९२९ सालीच मुंबई प्रांताने बाळंतपणाच्या लाभाचा कायदा केला. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्याने ५० हून अधिक बायका कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले. पुढे ही संख्या ३० वर आली. म्हणजे बाळगोळीवरचा उतारा नुसत्या उपदेशात नव्हता. तो रजेत होता आणि दोरी धरणाऱ्या दुसऱ्या हातात होता.

आपण अफू देत नाही. पण बाटली गेलेली नाही. इंग्लंडमध्ये १८५१ साली विल्यम वुडवर्ड यांनी बनवलेल्या मूळ ग्राइप वॉटरमध्ये मद्यार्क होता. मद्याचा त्याग पाळणाऱ्या घरांनी अशी औषधे देताना लेबल वाचायलाच हवे. सर्दीच्या औषधांनी गुंगी येते म्हणून ती झोपेसाठी देऊ नका. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रीन एकत्र असलेले औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा छापण्याचा आदेश आपल्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. जायफळही जास्त झाले तर बाधते.

मग करायचे काय? आधी हे समजून घ्या की नवजात बाळ दिवसरात्र मिळून १४ ते १७ तास झोपते, पण दोन-तीन तासांच्या तुकड्यांत. त्याचे पोट लहान असते आणि दिवसरात्रीची जाण साधारण तिसऱ्या महिन्यापासून येऊ लागते. रात्री उठणे हा दोष नाही. दिवसा उजेडात, बोलण्या-चालण्यात ठेवा. रात्री दिवा मंद, आवाज हळू. इथे आपली चौविहाराची रीत कामाला येते. सूर्यास्ताआधी स्वयंपाकघर मिटते, घर लवकर शांत होते. मोठ्या मुलाला रोज त्याच वेळी अंग पुसणे, कपडे बदलणे, नवकार म्हणणे, या क्रमाने झोपेची चाहूल लागते. बाळाला मात्र रात्रीचे दूध हवेच, त्याला कसला चौविहार! झोपवताना पाठीवर, सपाट घट्ट गादीवर झोपवा. मोहरीची उशी, मऊ दुलई बाजूला ठेवा. बाळ नेहमीपेक्षा सुस्त वाटले, दूध घेईना, तर डॉक्टरांकडेच जा.

आणि घरातल्यांना माझे सांगणे एवढेच. एका सामायिकाला ४८ मिनिटे लागतात. रोज तेवढा वेळ बाळाच्या वडिलांनी बाळ घ्यावे, तेवढाच आजोबांनी, तेवढाच नणंदेने, आणि आईने त्या वेळात भांडी न घासता झोपावे. घर लहान असेल, माणसे दोनच असतील, तर शेजारणीने घ्यावे. पुढच्या वेळी बाळ बघायला जाल तेव्हा "झोपतो का?" असे विचारू नका. हात धुवा, बाळ मांडीवर घ्या आणि आईला म्हणा, "जा, तू पड जरा."