पिवळं पुस्तक ते क्यूआर कोड

आमच्या मंडळातले एक ज्येष्ठ काका १९६८ साली शिकायला अमेरिकेत आले. गेल्या दिवाळीत फराळाला गेलो असताना त्यांनी जुन्या बॅगेतून एक पातळ, पिवळं पुस्तक काढून दाखवलं. आत देवीची लस टोचल्याचा दाखला, डॉक्टरांची सही आणि शिक्का. "पासपोर्टइतकंच जपलं होतं हे! नसतं तर विमानतळावरच अडकलो असतो," काका म्हणाले. मला २०२१ मधली आमची धावपळ आठवली आणि वाटलं, या कागदाचा इतिहास एकदा बघावा.

गोष्ट आपल्या मुंबईपासूनच सुरू करता येईल. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ विएगस यांना प्लेगचा रुग्ण सापडला. हा प्लेग युरोपात पोचू नये म्हणून १८९७ मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्याच वर्षी इंग्रज सरकारने साथरोगाचा कायदा केला आणि रेल्वेच्या प्रवाशांना उतरवून तपासण्याचे, वेगळं ठेवण्याचे अधिकार घेतले. मुंबईहून हजला जाणारी जहाजंही थांबली. सगळ्यांनी मानावा असा दाखला नव्हता, त्यामुळे संशय थेट प्रवाशाच्या अंगावर येई.

ही उणीव भरून निघाली १९५१ साली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांत देवी, पटकी आणि पीतज्वर यांच्या दाखल्यांचे नमुने ठरले. दाखला नाशिकचा असो की नैरोबीचा, छापील मजकूर तोच. देवीचा दाखला तीन वर्षं चाले. १९८० मध्ये देवीचं उच्चाटन जाहीर झालं आणि त्या दाखल्याची गरजच संपली. पीतज्वराचा मात्र अजून लागतो. आफ्रिकेत किंवा ब्राझीलमध्ये फिरून थेट भारतात जाणाऱ्यांनी हे विसरू नये!

कोविड आला तेव्हा असा एक सर्वमान्य कागद कोणाकडेच तयार नव्हता. २६ जानेवारी २०२१ पासून अमेरिकेत विमानाने येणाऱ्या प्रत्येकाला निगेटिव्ह चाचणी लागू झाली. ४ मेपासून भारतातून येणाऱ्यांवर बंदी आली. नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांना सूट होती, अज्ञान अमेरिकन मुलांच्या आईवडिलांनाही होती, पण आजी-आजोबांना नव्हती. जूनमध्ये आमच्या घरी मुलगी झाली. बाळंतपणाला येणाऱ्या सासूबाई नाशिकला फोनसमोर बसून बारसं बघत होत्या.

८ नोव्हेंबरला बंदी उठली आणि नवा नियम आला : परदेशी पाहुण्यांचं लसीकरण पूर्ण हवं, तेही अमेरिकेने किंवा जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेल्या लसीचं. सासऱ्यांनी पुण्यात बनलेली कोविशील्ड घेतली होती. ती फेब्रुवारीतच मान्य झाली होती. सासूबाईंनी, त्या दिवशी केंद्रावर जी होती ती, कोव्हॅक्सिन घेतलेली. तिला मान्यता मिळाली ३ नोव्हेंबरला, म्हणजे अवघे पाच दिवस आधी. तोवर एकाच घरातल्या दोन माणसांपैकी एकाचाच कागद चालणार होता!

डिसेंबरात दोघं निघाली. तोवर चाचणी आदल्या दिवसाचीच लागू लागली होती. विमानतळावर आणखी एक घोळ झाला. सासूबाईंच्या पासपोर्टवर नाव, पतीचं नाव, आडनाव असं सगळं. लसीच्या प्रमाणपत्रावर मात्र नुसतं नाव-आडनाव. काउंटरवरच्या मुलीला ही एकच बाई आहे हे पटायला पाऊण तास गेला. आयुष्यभर डेटाबेस जुळवणाऱ्या जावयाला इकडे रात्रभर झोप नव्हती.

गंमत म्हणजे भारताच्या प्रमाणपत्रावर क्यूआर कोड होता, युरोपचा कोड वेगळा होता, आणि पाहुण्यांकडे पुरावा मागणाऱ्या अमेरिकेत आमच्या खिशात मात्र हाताने भरलेलं पांढरं कार्ड! संगणकवाला म्हणून सांगतो, कोड बनवणं सोपं असतं. एकमेकांच्या कोडवर विश्वास ठेवायचं ठरवणं अवघड. पिवळ्या पुस्तकामागे ते ठरवणं होतं.

चाचणीची अट १२ जून २०२२ ला गेली, लसीची १२ मे २०२३ ला. २०२४ मध्ये आरोग्य नियम सुधारून डिजिटल दाखल्यांचीही सोय झाली. अमेरिकेने मात्र जुलै २०२५ मध्ये त्या सुधारणा नाकारल्या. पुढची साथ येईल तेव्हा पुन्हा प्रत्येक देशाचा कागद वेगळा असेल की काय, ही काळजी आपल्यासारख्या दोन देशांत घर असणाऱ्यांना जास्त.

तोवर एवढं तरी करू या : आई-बाबांच्या सगळ्या कागदांवरची नावं एकदा तपासून, जुळवून ठेवू या. लेक साडेपाच महिन्यांची झाल्यावर आजीने तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं. आजीचं ते प्रमाणपत्र आम्ही फाइलमध्ये जपून ठेवलंय. काकांच्या पुस्तकासारखं तेही लेकीला कधीतरी दाखवता येईल.